काठीवर टांगलेली घोंगडी

मित्रांनो, कपाटाचं दार उघडल्याबरोबर तुम्ही नाक मुरडलंत, ते मी पाहिलं. मुरडा, मला सवय आहे. काळी, जाडीभरडी, एका काठाला कसरीनं खाल्लेली घोंगडी बघून आजवर कुणी हरखून गेलेलं नाही. हात लावाल तर टोचेन, हेही आधीच सांगून ठेवते. पण तुम्ही दर रविवारी ज्या वर्गात येऊन बसता, त्या वर्गात मी तुमच्या कितीतरी आधी आले. आणि आले ती कुणाच्या काखेतून, तर इथे यायला सगळ्यात नाखूश असलेल्या मुलीच्या. तेव्हा जरा बसा आणि ऐका.

माझा जन्म सांगोल्याकडचा. तिकडे पाऊस कमी आणि माळ फार. मायाप्पा नावाच्या मेंढक्यानं आपल्या मेंढरांची लोकर कातरली, त्याच्या बायकोनं ती कातली आणि ती एका सणगराच्या घरी गेली. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे. त्यानं मला विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात अशी ताणली, की माझ्या अंगातली सगळी कुरकुर तिथेच मोडली. निदान त्याला तसं वाटलं. मला रंग दिलेला नाही बरं का. मेंढरं काळी, म्हणून मी काळी.

मायाप्पाची छत्री मीच, अंथरूण मीच आणि थंडीतलं पांघरूणही मीच. त्याची बायको तापानं गेली तेव्हा मुलगी फुला दीड वर्षाची होती. माझी झोळी करून तो तिला पाठीला बांधायचा आणि मेंढरांमागे दिवसभर चालायचा. मी तिला टोचत असेन, पण तिनं कधी तक्रार केली नाही. माझ्या काठाची एक दशी मुठीत धरून ती झोपायची. ती दशी तिनं चोखून चोखून तोडली. ती जागा अजून तशीच आहे, बघा.

मायाप्पाच्या घराण्यात एक रीत होती. मेंढरू डोळ्यांपेक्षा नाकानं माणूस ओळखतं. कळपातलं एखादं चुकलं आणि त्याला शोधायला जायचं झालं, की मायाप्पा आपली काठी जमिनीत रोवायचा, तिच्यावर मला टांगायचा आणि मग निघायचा. धन्याच्या अंगाचा वास तिथे आहे तोवर बाकीची मेंढरं जागची हलायची नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, माणूसच डोक्यावरून खोळ घेऊन बसलाय. फुलाला तो आधी पालात, म्हणजे राहत्या तंबूत, बसवून यायचा, म्हणून तिनं हे कधी पाहिलेलं नव्हतं. या कामाचा मला भारी अभिमान होता. मायाप्पा गेला की कळपाचा मायाप्पा मीच! पण याच अभिमानाच्या कामानं पुढे मला मान खाली घालायला लावली.

फुला सात वर्षांची असताना कळपात एक कोकरू झालं आणि त्याची आई त्याला जवळ घेईना. फुलानं त्याला शेळीचं दूध चिंधीनं पाजून जगवलं. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून नाव ठेवलं टिकली. मग काय विचारता! फुला भाकरी खाणार तर पहिला घास टिकलीला. फुला ओढ्यावर जाणार तर मागे टिकली. मायाप्पा म्हणायचा, "माझ्या दोन पोरी हायेत. एक बोलती, एक बॅ करती."

चैत्र संपता संपता एका दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा पडायला लागल्या. लहानसहान नव्हेत, लिंबाएवढ्या. मायाप्पानं फुलाला पालात ढकललं, मेंढरं बांधाच्या आडोशाला दाटीनं गोळा केली आणि त्यांच्यावरून नजर फिरवली. टिकली नव्हती. त्यानं बांधावर काठी रोवली, मला वर टांगलं, आणि अंगातल्या एका बंडीनिशी तो ओढ्याकडे पळत सुटला.

तो दिसेनासा झाला आणि इकडे पालाचं फडकं बाजूला झालं. फुलाला टिकली दिसेना. गारांच्या धुरळ्यातून तिला एवढंच दिसलं, की बांधावर आपला बा खोळ घेऊन गप्प बसलाय.

"बाऽ! माझी टिकली कुटं हाय?" ती ओरडली. "बा, ऊठ की!"

एकदा नाही, पाच-सहा वेळा ओरडली. मी काय उत्तर देणार? मला खांदे होते, खोळ होती, पण तोंड नव्हतं. शेवटी तिनं फडकं सोडलं आणि आत जाऊन ती पालथी पडली.

मायाप्पाला टिकली सापडली, पण जिवंत नाही. ओढ्याच्या लोंढ्यानं तिला दगडांत आणून टाकलं होतं. त्यानं तिथेच तिच्यावर दगड रचले. एका गारेनं त्याची भुवई फुटली होती. परत आल्यावर त्यानं मला अंगावर ओढून घेतलं आणि पालाशी जाऊन एवढंच म्हणाला, "न्हाई गावली, पोरी."

फुलानं वळूनही बघितलं नाही. तिच्या मते तो जागचा उठलाच नव्हता, मग गावणार कुठून? ती बोलली नाही, म्हणून तोही बोलला नाही. बापलेक दोघं एकाच मातीची. आणि खरं काय ते ठाऊक असलेली मी बिनतोंडाची. मित्रांनो, त्या दिवसापासून फुला माझ्यात कधी निजली नाही. थंडीनं दात वाजले तरी ती गोणपाट ओढून घ्यायची.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. माळावर काडी उरली नाही. मायाप्पानं मेंढरं विकली, फुलाला घेतलं, मला खांद्यावर टाकलं आणि सोलापूरला आला. गिरणीत कापसाच्या गाठी ओढायचं काम मिळालं. जन्मभर लोकरीत वावरलेला माणूस कापसात जाऊन पडला. पहाटे भोंगा झाला की तो निघायचा आणि संध्याकाळी भुवयांवर पांढरा कापूस घेऊन परतायचा. तीन महिन्यांत त्याला विषमज्वर झाला. चाळीतल्या लोकांनी मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं.

तिथे पाळकसाहेब रोज येऊन त्याच्याजवळ बसत. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीची काळजी वाहणारे. एके दिवशी त्यांनी प्रभू येशूनं सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक चुकलं, म्हणून नव्व्याण्णव ठेवून मेंढका त्या एकाच्या मागे गेला आणि ते सापडल्यावर खांद्यावर घालून आनंदानं परत आला. मायाप्पा खाटेवर उठून बसला. "ह्यो देव आमच्यातला हाय की!" म्हणाला आणि रडला. मी त्याच्या पायांवर होते, म्हणून सांगते, असा तो बायको गेली तेव्हाही रडला नव्हता. बरा झाल्यावर काही महिन्यांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला. फुलाचाही झाला. तिला कुणी फारसं विचारलं नाही, आणि ही चूक होती असं माझं मत आहे.

आता रविवारच्या शाळेकडे येते. १९२६ सालची हिवाळ्याची सुरुवात. प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर, शहाबादी फरशीवर वर्ग भरायचा. आजूबाजूच्या पेठेतली कुणाचीही मुलं यायची. शिकवायला यशोदाबाई. वय तेवीस-चोवीस. आठवडाभर मुलींच्या शाळेत शिकवून रविवारी हा वर्ग घ्यायच्या. मनानं वाईट नव्हत्या हो. पण मुलांना देवाचा धाक हवा अशी त्यांची समजूत होती आणि तो धाक आपल्यापासूनच सुरू व्हावा अशी त्यांची खटपट होती. मुलं दोन रांगांत बसायची. सोनेरी वचन, म्हणजे बायबलातली त्या आठवड्याची पाठ करायची ओळ, म्हणून दाखवणाऱ्याला चित्राचं कार्ड मिळायचं, न येणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागायचं. विणकरांची अक्कम्मा घरी तेलुगू बोलायची. वचनातला एक शब्द तिला कळत नसे, पण आगगाडीसारखं म्हणून ती दर रविवारी कार्ड पटकावायची. ज्ञानू नावाच्या मुलाचं पोट एक रविवार सोडून दुखायचं आणि सोमवारी आपोआप थांबायचं. सव्वीस मुलांची पंधरा झाली होती.

मायाप्पा फुलाला हाताला धरून आणायचा. ती पाय घासत यायची. फरशी गार म्हणून तो मला तिच्या काखेत द्यायचा. ती मला अंथरायची, पण अगदी कडेला बसायची. बाकीच्या मुलांना मात्र मी चालत होते. "टोचतंय गं," ज्ञानू म्हणायचा. "मग बस की फरशीवर," फुला म्हणायची. तो बसायचा नाही.

एका रविवारी यशोदाबाईंनी भिंतीवर चित्र टांगलं. विलायतेहून आलेलं, रंगीत. पांढराशुभ्र पायघोळ झगा घातलेला मेंढका, त्याच्या भोवती कापसासारखी पांढरी मेंढरं. आणि बाई गोष्ट सांगू लागल्या. तीच गोष्ट, हरवलेल्या मेंढराची.

मला एकदम आनंद झाला. म्हटलं, आता फुलाचा चेहरा उजळेल. पण ती ताठ झाली. गोष्ट संपायच्या आत ताडकन उभी राहिली.

"बाई, हे खोटं हाय."

यशोदाबाई चित्रापासून वळल्या.

"काय म्हणालीस?"

"खोटं हाय. कुनी मेंढका एकापाठी जात न्हाई. तो बसूनच ऱ्हातो. मी बगितलंय."

यशोदाबाईंचा चेहरा लाल झाला. "प्रभूनं सांगितलेल्या गोष्टीला खोटं म्हणतेस? भिंतीकडे तोंड कर!"

फुला भिंतीशी गेली, क्षणभर उभी राहिली, आणि मग पायऱ्या उतरून सरळ फाटकाबाहेर निघून गेली. मला तिथेच टाकून गेली. यशोदाबाईंनी मला घडी करून टेबलाखाली ठेवलं. आठवडाभर मी तिथे पडून होते. मित्रांनो, ज्या बापानं लेकराच्या लेकरासाठी भुवई फोडून घेतली, त्याला ती जन्मभर बसून राहिलेला माणूस समजणार. आणि ज्या देवाला तो 'आमच्यातला' म्हणाला, त्यालाही ती तसंच समजणार. दोन्हींचं कारण मी. सांगा, चैन पडेल?

पुढच्या रविवारी फुला आली नाही. ज्ञानूचं पोट दुखलं, आणि या खेपेला त्याच्यासोबत आणखी आठ जणांची पोटं दुखली. पाच मुलं राहिली. अक्कम्मानं वचन म्हटलं, तर ऐकायलाच कुणी नाही. यशोदाबाईंनी चित्र गुंडाळून ठेवलं आणि मला उचलून गिरणीच्या चाळीकडे निघाल्या. वाटेत त्या पुटपुटत होत्या, "चांगलं खडसावते." माझ्या कानाशीच पुटपुटत होत्या, म्हणून ठाऊक.

मायाप्पा उंबऱ्यात बसला होता. फुला नळावर पाण्याला गेली होती. बाईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याची मान खाली गेली.

"काय म्हनाली पोर? मेंढका बसूनच ऱ्हातो?"

"हो. मी बघितलंय म्हणाली."

"ही गोष्ट ऐकून मी देवाकडं वळलो, बाई. आन् माजीच पोर तिला खोटी म्हनती?"

खडसावायला आलेल्या यशोदाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक असा प्रश्न विचारला, की त्यासाठी मी त्यांचे बाकीचे सगळे अपराध माफ केले.

"मायाप्पा, तुम्हीच सांगा. मी कधी मेंढरू हातात धरलेलं नाही. मेंढका खरंच जातो का हो एकाच्या मागे?"

"जातो की! जीव जातो का ऱ्हातो, बगत न्हाई. पर बाकीची राखनीबिगर टाकून न्हाई जात. आदी हिची सोय करतो." त्यानं माझ्यावर हात ठेवला आणि काठीवर टांगायची रीत सांगितली.

"हे मला ठाऊकच नव्हतं. रविवारी येऊन मुलांना सांगाल?"

"मी आडानी मानूस, बाई."

"मेंढरांच्या बाबतीत अडाणी मी आहे."

तेवढ्यात फुला घागर घेऊन आली आणि बाईंना बघून दारातच थबकली. यशोदाबाई उठून उभ्या राहिल्या. "फुला, तुला भिंतीकडे उभं केलं, ते माझं चुकलं. तू बोललीस त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मला राग आला."

घागरीतलं पाणी हिंदकळून फुलाच्या पायावर सांडलं. मोठ्या माणसानं आपली चूक कबूल केल्याचं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"रविवारी तुझे बा वर्गाला मेंढरांचं सांगणार आहेत. येशील?"

"मी ऐकनार न्हाई," फुला म्हणाली. मग घागर उतरवता उतरवता म्हणाली, "लांबून बगीन."

"लांबूनच बघ."

त्या रविवारी मायाप्पा धुतलेलं धोतर नेसून, मुंडासं बांधून आला. हातात काठी, खांद्यावर मी. वर्ग त्या दिवशी अंगणात, चिंचेच्या झाडाखाली भरवला होता. मेंढका येणार ही बातमी अक्कम्मानं पेठभर केली होती. ज्ञानूसुद्धा ठणठणीत होता. फुला मात्र लांब, ओसरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, अंगणाकडे पाठ करून बसली.

मायाप्पा आधी काठी या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. बाईंनी चिंचेच्या बुंध्याला टांगलेल्या चित्राकडे त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं आणि न राहवून विचारलं, "ही मेंढरं साबन लावून धुतल्यात व्हय?"

मुलं खो खो हसली. यशोदाबाईही हसल्या. त्या हसताना कशा दिसतात, हे मुलांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिथून पुढे मायाप्पाचं भय गेलं. त्यानं मुलांची मेंढरं केली, कळप हाकताना जीभ टाळूला लावून काढतात तो आवाज काढला, आणि वीस-बावीस मुलं बॅ बॅ करत चिंचेखाली गोळा झाली. एकाला हरवायचं होतं. ज्ञानू आनंदानं हरवायला गेला आणि मंदिराच्या मागच्या भिंतीआड दडला.

"आता बगा," मायाप्पा म्हणाला. "एक चुकलं. मला जायाचं हाय. पर तुमाला उगड्यावर टाकून मी न्हाई जायाचा." त्यानं काठी रोवली, मला वर टांगलं आणि माझी खोळ नीट पुढे ओढली. "घोंगडी हितं हाय तवर मी हितंच हाय आसं समजायचं. हलायचं न्हाई." आणि तो मंदिराला वळसा घालून मागे गेला.

अंगण शांत झालं. मुलं खरंच हलेनात. त्या शांततेमुळेच बहुधा फुलानं मान वळवली.

त्या दिवशी गारा नव्हत्या, चांगलं ऊन होतं. तिला दिसला तो खोळ घेऊन बसलेला बा. गप्प. ज्ञानू हरवला आहे आणि हा आपला बसलाय. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. पालाच्या फडक्यातून दिसला होता तोच.

"बा!" ती ओरडली. "बा, ऊठ की!"

मी पुन्हा मुकी. पण या खेपेला उत्तर आलं. तिच्या पाठीमागून आलं.

"हितं हाय मी, पोरी."

फुला गर्रकन वळली. मायाप्पा मंदिराच्या दुसऱ्या कोपऱ्यावरून येत होता. त्याच्या खांद्यावर ज्ञानू होता आणि तो दोन्ही हात उंचावून बॅ बॅ करत होता. फुलानं बापाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग ती पायऱ्या उतरली, मुलांच्या मधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या खोळीत हात घातला. आत काठी होती. नुसती काठी.

"बा," ती म्हणाली. "गारांच्या दिवशी... बांदावर... ही हुती?"

मायाप्पानं ज्ञानूला खाली उतरवलं. त्यालाही हळूहळू उमगत होतं. "व्हय. हीच हुती."

"आन् तू?"

"मी वड्यात हुतो. टिकलीपाठी."

"गावली न्हाई म्हनलास."

"गावली हुती, फुले. पर जित्ती न्हवती. दगडं रचून आलो तिच्यावर. तुला म्हटलं गावली न्हाई, म्हंजी कुटंतरी हाय, चरत आसंल, आसं तुला वाटत ऱ्हाईल."

फुलानं हात वर करून त्याच्या भुवईवरच्या खुणेला बोट लावलं. दोन वर्षं ती खूण तिच्या डोळ्यांसमोर होती. "हे तवाचं?"

"गारंचं. लई मोटी हुती."

मग ती रडली. त्याच्या धोतरात तोंड खुपसून, सगळ्या वर्गासमोर, मोठ्यानं रडली. मुलं अजून चिंचेखाली तशीच बसून होती, कारण घोंगडी जागेवर होती आणि मेंढक्यानं हलू नका म्हटलं होतं. यशोदाबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी त्या दिवशी तात्पर्य सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "प्रार्थना कुणाला करावीशी वाटते?"

आजवर या प्रश्नाला अक्कम्माखेरीज कुणी हात वर केला नव्हता. फुलानं नाक पुसलं आणि डोळे मिटले.

"देवा, मी तुला लई हाका मारल्या. टिकलीसाटी मारल्या. मेंढरं इकली तवा मारल्या. बा तापानं पडला तवा बी मारल्या. तू बोलला न्हाईस. मला वाटलं, तू बसूनच हाईस. तू शोदाया गेला हुतास व्हय? तुजं पांगरून आमच्यापाशी ठेवून, तू गारांत गेला हुतास? मला ठाव न्हवतं. आता न्हाई रुसायची. आमेन."

मित्रांनो, त्या मंदिरात मी नंतर पुष्कळ प्रवचनं ऐकली. पाळकसाहेबांची ऐकली, बाहेरून आलेल्या विद्वानांची ऐकली. ती चांगलीच होती. पण इतकं खोल गेलेलं मला तरी दुसरं आठवत नाही.

एका दिवसात फुला देवदूत झाली असं मात्र समजू नका. पुढच्याच रविवारी तिनं ज्ञानूला असा चिमटा काढला, की तो खरोखरच बॅ करून ओरडला. पण ती आता पाय घासत येत नसे, बापाच्या पुढे पळत यायची. आणि माझ्यावर बरोबर मधोमध बसायची. वर्गही बदलला. यशोदाबाई आधी गोष्ट सांगायच्या, मग विचारायच्या, "हे कुणाला खोटं वाटतं? का वाटतं?" वचन शेवटी. अक्कम्मानं एकदा घरून बापाचा धोटा आणून दाखवला, मागात आडवा पळणारा तो लाकडी तुकडा, आणि म्हणाली, देव असाच इकडून तिकडे जातो, दिसत नाही, पण कापड होतं. त्या दिवसापासून ती वचनं सावकाश म्हणायला लागली. उन्हाळ्यापर्यंत ओसरी पुरेनाशी झाली.

वर्षं गेली. यशोदाबाई लग्न होऊन बार्शीला गेल्या. फुला मला वर्गात ठेवून शिकायला नगरला गेली. मागे वर्गात बाकं आली, आणि बाकं आल्यावर घोंगडीला कोण विचारतं! मला मोडक्या बाजाच्या पेटीखाली कोंबलं. दोन वर्षं तिथे होते. कसरीनं काठ खाल्ला, उंदरांनी एक कोपरा नेला. मी म्हटलं, संपलं आपलं.

मग एके दिवशी पेटी हलली आणि दोन हात आत आले. त्या हातांनी मला बाहेर ओढलं, झटकलं, उन्हात घातलं, आणि माझी दशी तुटलेली जागा बोटानं चाचपून पाहिली. फुला परत आली होती. तुमच्या फुलाबाई! आता कळलं ना कुणाबद्दल बोलत होते ते? आणि फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलाला "आलास व्हय, वाघा?" म्हणणारा भुवईवर खूण असलेला म्हातारा कोण, तेही कळलं असेल.

आज १९३८ साल चालू आहे. माझं अंग विरत चाललंय. तेव्हा आता माझं मागणं ऐका. मला पावसाळ्यापूर्वी ऊन दाखवा. घडीत कडुनिंबाचा पाला घाला. टोचते म्हणून फेकू नका, मऊ व्हायचं वय माझं उरलेलं नाही.

आणि आणखी एक आहे. तुमच्यातलंच कुणी कधी पाय घासत येईल, कोपऱ्यात पाठ करून बसेल, "हे खोटं हाय" म्हणेल. त्याला हसू नका. त्याला भिंतीकडे उभं करू नका. त्याची एखादी टिकली कुठल्या तरी ओढ्यात राहिली असेल. त्या दिवशी मला कपाटातून काढा, काठी रोवा, वर टांगा. इथल्या सगळ्यांना मी सांभाळते, तेवढं मला अजून जमतं. तुम्ही त्याच्या मागे जा.